हात असलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. भूल दिलेला उंदीर स्कॅनरमध्ये होता आणि त्याच्या दोन श्वासांमधली उसंत पकडून यंत्र छातीची चित्रं टिपत होतं. ते काम यंत्र आपलंआपण करतं, माझ्या श्वासाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण खोड... त्यामुळे "सुनंदाबाई गेल्या, हार्ट अटॅक" हे ऐकूनही ते चित्र टिपून होईपर्यंत मी श्वास सोडला नाही.

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत बाई शास्त्रज्ञ, मी तंत्रज्ञ. पहिल्याच आठवड्यात श्वास रोखता रोखता मी स्टुलावरून थेट खाली. डोळे उघडले तर बाई वाकून पाहतायत. "भूल उंदराले द्याची होती भाऊ, तुमाले नाई!" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची हात असलेली खुर्ची ओढत आणली. "पडा आता, कसे पडता ते पाहतो मी." स्टूल त्यांनी घेतलं. पुढे एकदा पडद्यावर पांढरा डाग दिसला आणि "सूज सापडली" म्हणून मी साऱ्यांना चहा सांगून आलो. बाई म्हणाल्या, "हृदय हाय ते. तुमालेबी असन."

बाई आरमोरीच्या. वडील राइस मिलमध्ये हमाल. ते खोकून बेजार झाले तेव्हा कोणीतरी सांगितलं, फुप्फुसं गेलीच, आता मिल सोडून काय उपयोग? त्यांनी सोडली नाही. सोडली असती तर...? बाईंना तेच पाहायचं होतं. मिलच्या धुळीनं उंदरांची फुप्फुसं सुजली की धूळ बंद करायची आणि न कापता, त्याच उंदराच्या छातीत पुन्हा पुन्हा डोकावायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब वैतागायचे, कापा अन् मोकळे व्हा. बाई ऐकवायच्या, "मेलेला उंदीर बरा होऊन दाखवत नाई, साहेब."

बाईंना जाऊन आठवडा झाला नाही तोच साहेब आले. "आता कशाला रखडवता? कापून संपवा." धूळ नुकतीच बंद केली होती. मी जन्माचा भित्रा. अशा वेळी 'हो सर' म्हणतो. पण तोंडातून निघालं, "आधी मले या खुर्चीतून उठवा!"

त्यांनी सहज उठवलं असतं, मी काही पैलवान नाही. पण खुर्चीचे दोन्ही हात असे आवळले होते, की साहेब तसेच निघून गेले. पुन्हा येतील. येऊ देत.

आज एका उंदराच्या छातीतला पांढुरकेपणा विरळ झालेला दिसला. हृदय नव्हतं, दोनदा पाहिलं. चहा मात्र सांगितला नाही. एका उंदराच्या भरवशावर उड्या मारल्या म्हणून बाईंनी झाडलं असतं. दुसरा आत ठेवलाय. खुर्चीचे हात धरले, श्वास रोखला...