मुकादमाशेजारी विचारलेले प्रश्न

दुष्काळी कामावर नर्सबाई यावी, ही मागणी सरकारपुढं पुराव्यानिशी मांडता यावी म्हणून आमच्या संस्थेला पुण्याच्या एका ट्रस्टनं पैसे दिले होते. मी घरातला पहिला पदवीधर. पाहणी विश्वासानं माझ्यावर सोपवलेली. लोहाऱ्याजवळ खडी फोडणाऱ्या बायांना मी हजेरी घेणाऱ्या मुकादमाशेजारी बसूनच पहिला प्रश्न विचारला, कामावर काही दुखापत, आजारपण झालं का. सगळ्या म्हणाल्या, "मला काय बी झालं न्हाय."

कागद भरले. पाण्याच्या टँकरपाशी त्यांच्यातलीच एक मावशी हसली, "लेकरा, त्याच्यादेखत आजारी म्हणलं की उद्या नाव कापतंय त्ये. एवढा शिकलास, कळंना व्हय?" तिच्या बोटांवरच्या चिंधीला रक्त लागलं होतं.

ते कागद गेले असते, तर नर्सबाईची गरजच नाही असं ठरलं असतं. मी ते फाडले आणि टँकरच्या आडोशाला पहिला प्रश्न पुन्हा तिलाच विचारला.