पिक्चर चालला म्हणजे

अक्का,

सोयगावच्या स्टँडवर आईनं मला एस.टी.त बसवलं, तेव्हा तिला एवढंच ठाऊक होतं की पोरगा औरंगाबादला सिनेमावाल्याकडं लागला. खिडकीतून तिनं भाकरीचं फडकं आत दिलं आणि म्हणाली, "बाकी कवा नाय आलास तरी चालंल. दिवाळीला तेवढा ये." नेमकी दिवाळीच हुकणार होती.

आमचे शेठ पिक्चरचे वितरक. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धंद्यात आपल्या मुलखाला निजाम सर्किटच म्हणत. मी शेठचा रिप्रेझेंटेटिव्ह. रिळांच्या पेट्या घेऊन टॉकीजवर जायचं आणि पिक्चर उतरेपर्यंत दर शोला बुकिंगच्या खिडकीशी तिकिटं मोजत बसायचं. मोठा पिक्चर लागायचा दिवाळीलाच. चालला की मी अडकलो, पडला की मोकळा. वर्षाअखेरी शेठ सगळ्या पिक्चरांची यादी वाचत आणि प्रत्येकापुढं हिंदीतला एकच शब्द उच्चारत, 'चला' नाहीतर 'गिरा'. ज्या साली 'चला' जास्त, त्या साली ऑफिसात पेढे वाटले जात, आणि मी घराचं तोंड पाहिलेलं नसे.

आईला हे कळलं, तसा तिनं मारुतीला नवस बोलला: माझ्या लेकाचा पिक्चर पडू दे. तूच पत्रात कळवलं होतंस. गुलमंडीच्या खोलीवर मी एकटाच हसलो. सांगायला कोणी नव्हतं, मग हसूही लवकर आटपलं.

मारुतीला सिनेमातलं काय कळणार! त्या वर्षीचा पिक्चर होळी आली तरी उतरेना. शेवटी आईच आली. खिडकीवर झुंबड, हाऊसफुल्लची पाटी मीच लावलेली. आईला आत जागा नव्हती. व्हरांड्यात स्टुलावर बसवलं. दार उघडलं की तिला तेवढंच गाणं ऐकू यायचं. शो सुटला, लोक बाहेर लोटले, आणि ती बघतच राहिली.

"एवढ्या लोकायला तू लागतूस व्हय रे? मंग राहू दे. चालू दे तुझा पिक्चर."

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. नवसही तिनं बदलला.

पुढल्या दिवाळीचा पिक्चर धनत्रयोदशीला लागला आणि पाडव्याला उतरला. शेठ म्हणाले, "जा, चार दिन घर हो आ." भाऊबीजेला मी दारात उभा. तू ओवाळायचं ताट आणायला आत पळालीस, आणि आईचा चेहरा पडला.

"गेला व्हय रे पिक्चर?"

मला बघून तिला भीती वाटली. ते मला सोसवलं नाही.

"नाय आई, लई जोरात चाललाय. शेठनं एक दिवस सोडलं."

ती खुलली. गल्लीभर सांगून आली आणि लगेच माझी पिशवी भरायला बसली. चालता पिक्चर टाकून आलेलं लेकरू किती राहणार? सकाळची पहिली गाडी तिनंच दाखवली. उरलेले दिवस मी खोलीवर तिच्या करंज्या खात बसून काढले. इतकं एकटं मला त्या शहरात कधी वाटलं नव्हतं.

आता शहराचं नाव बदललं, टॉकीज गेली, आईही गेली. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी इथलाच पत्ता सांगतो. पण घर म्हटलं की मला ती पिशवी भरणारी आई दिसते, आणि तिच्यासमोर गप्प बसलेला मी.

मला राहायचं होतं, अक्का.