बायच्या रिकाम्या ओळी

सरांच्या पुढ्यात बसून 'आधी हे करायचं, मग ते' असं म्हणायची सोय नव्हती. "आधी-मग घरी ठेव. काय पायजे ते सांग," म्हणत. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला हा माणूस कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाला आणि हॅस्केल नावाच्या भाषेच्या नादी लागला. गणितासारखी सगळं फंक्शनांतून मांडणारी ती प्रोग्रामिंगची भाषा. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, मुंबईत 'सी' भाषेत पायरीपायरीने प्रोग्राम लिहून पोट भरणारी. मला ते सगळं फार सोवळं वाटायचं.

सरांची मोठी बहीण, बाय, लग्नात गाणी म्हणायची. आता तिला विसर पडू लागला होता. सरांनी जमतील तशी गाणी टाइप केली होती, एका गाण्याची एक फाइल. सगळी एकत्र छापून तिला वाचून दाखवायची आणि चुकलेले शब्द तिच्याकडूनच सुधारून घ्यायचे, एवढाच त्यांना ध्यास. प्रोग्राम त्यांनी माझ्यावर सोपवला, पण त्यांच्या लाडक्या भाषेत.

मी सवयीने लिहिलं: फाइल उघड, मजकूर घे, फाइल बंद कर, शेवटी छाप. सगळे कागद कोरे आले.

"ही भाषा आळशी हाय, पोरी," सर म्हणाले. "कोनी मागेपर्यंत वाचत नाय. तू छापायला मागितलंस तवर फाइल बंद झालेली."

मग त्यांनी उघडण्या-मिटण्याचं काम एका फंक्शनकडे दिलं आणि वाचून छापण्याचं सगळं काम त्याच्याच पोटात ठेवलं. मध्येच काही बिघडलं तरी ते फंक्शनच फाइल मिटणार. "उघडी हाय तवरच काम पुरं झालं पायजे," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत बायकडे बघत राहिले.

रोज दुपारी सर वाचायचे. बाय हात वर करून थांबवायची, "असा नाय रं!" निम्मी गाणी झाली आणि बाय गेली.

उरलेल्या गाण्यांतले शंकेचे शब्द अंदाजाने भरू या, असं मी सुचवलं.

"तिच्या तोंडी माझे शब्द घालनार नाय मी."

शंकेच्या ओळी त्यांनी रिकाम्या सोडल्या. मला या हट्टाचा भयंकर राग आला.

पुढे त्यांच्या पुतणीच्या लग्नात बायका ते कागद घेऊन गायला बसल्या. रिकामी ओळ आली. कुणीही शब्द भरला नाही. ओठ मिटून त्यांनी तेवढी नुसती चाल गुणगुणली. पुढच्या ओळीला सरांचा जाडाभरडा आवाज त्यांच्यात मिसळला. मी सरांना आधी कधी गाताना ऐकलं नव्हतं, आणि नंतर ऐकायला ते फार दिवस उरले नाहीत.