माझ्या नावाखालचं नाव

निवडणुका सरकार घेतं असं पेपरात लिहितात. लिहू देत. भांडुपच्या आमच्या टेकडीवर त्या माझी मेहुणी घेते. सरकार तिला मदत करतं, आणि ती मदतही तिच्या मते अर्धवटच असते. माझ्या बायकोची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगायची, "पाहुणे बघायला येणार त्याच रविवारी नावनोंदणी होती." तीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिपाई होती. आता रिटायर होऊन आमच्याच चाळीत, आमच्यापासून चार दरवाजे सोडून राहते. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म लेथ मशीनवर गेला. लिहायची सवय नाही. पण हिच्याबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि जिला लिहिता आलं असतं ती माझी बायको दोन वर्षांमागे गेली. म्हणून मी.

मेहुणीची खूण म्हणजे साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पिशवीला सुतळीने बांधलेली पेन्सिल. पेन नाही चालत. "गेलेला माणूस परत येतो, खोडता आलं पाहिजे," म्हणते. मतदारयादी आली की तिची झेरॉक्स काढायची, सकाळी नळाच्या वेळेला गॅलरीत स्टुलावर उभं राहायचं आणि चाळीची सगळी नावं मोठ्याने वाचायची. नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय. ज्याने त्याने आपल्या दारातून "हजर" म्हणायचं. बायकांची वयं अशी चव्हाट्यावर आल्यामुळे दोन घरांनी तिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. तिला ढिम्म फरक नाही. एकदा एक जण दाढी करत होता, त्याने ओ दिली नाही, तर ही त्याच्या साबण लावलेल्या तोंडासमोर जाऊन उभी. "आहेस की नाहीस? नसलास तर तसं लिहिते." कोणाचं नाव गळालं की ही वाटाणे सोलता सोलता फॉर्म भरणार. कोणाची पोरगी लग्न होऊन गोरेगावला गेली की हळद निघायच्या आत तिचं नाव इकडून काढून तिकडे लावणार. आणि कोणाकडे माणूस गेलं, तर तेराव्याचं जेवून उठताना त्या घरच्यांच्या हातात सात नंबरचा फॉर्म ठेवणार, नाव काढून टाकायचा. यादीचं काम बघणारी सरकारी बाई टेकडी चढून आली की आधी हिच्या खोलीत टेकते आणि म्हणते, "मावशी, तुमची यादी द्या, मग मी माझी काढते."

पक्ष म्हणाल तर तिला सगळे सारखेच नावडते, नाहीतर सारखेच आवडते. नक्की काय ते देवाला ठाऊक. एका निवडणुकीच्या आधी एकांची माणसं घरोघर स्टीलचे डबे ठेवून गेली. हिने सगळे डबे गोणीत भरले, त्यांच्या ऑफिसात नेऊन आपटले आणि पोच लिहून घेतली. आमच्या डब्यात बायकोने बेसनाचे लाडू भरून ठेवले होते, ते लाडवांसकट गेले. दुसऱ्या पक्षाची पोरं तिला शाबासकी द्यायला आली तर त्यांना म्हणाली, "टाळ्या नंतर वाजवा. तुमच्या छत्र्या उद्या आणते." मत कोणाला देते ते सख्ख्या बहिणीलाही कधी बोलली नाही. दोघी एका ताटात जेवायच्या, एकीचं ब्लाऊज दुसरी घालायची, पण हे नाही. बायको चिडायची. "हिचं पोट एकदा डॉक्टरला दाखवा हो, काय काय साठवलंय."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, तर त्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ही शाळेत असताना मतदानाला बाकं लावायचं, पाणी भरायचं काम हिच्याकडे. एकदा एक म्हातारी काठी टेकत आली, आणि आत तिला सांगितलं, आजी, तुमचं मत झालं. म्हातारी म्हणते, "मी आत्ताच येतेय रे बाबा," आणि शाई नसलेलं बोट एकेकाला दाखवत फिरते. शेवटी तिला वेगळ्या कागदावर मत द्यायला दिलं. ते म्हणे पाकिटात जातं, मोजत नाहीत. मेहुणी तांब्या घेऊन उभी होती. ते कोरं बोट तिच्या डोळ्यांसमोरून हललं नाही ते नाहीच.

बायको गेली तेव्हा तेराव्याला मी मेहुणीच्या फॉर्मची वाट बघत होतो. आणला नाही. आणला तो दीड महिन्याने.

"भावोजी, सही करा."

"कशावर?"

"ताईचं नाव काढायचंय."

मी फॉर्म तिच्याच पिशवीत कोंबला. रेशनकार्डावरून नाव काढलं होतं, बँकेतून काढलं होतं, गॅसवाल्यानेही काढलं होतं. यादीत तेवढं शिल्लक होतं, माझ्या नावाखाली. ती गेली तेव्हा सदुसष्टची होती. मग नवी यादी आली, तिच्यात अडुसष्ट. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. सरकारच्या कागदावर का होईना, बाई माझ्याबरोबर म्हातारी होत होती. ते मी माझ्या हाताने कसं पुसू?

"राहू दे गो. कोणाच्या जेवणात येतंय ते नाव?"

"भावोजी, ताई येणार नाही हो. दुसरी कोणीतरी येईल. तिच्या नावाची शाई लावून जाईल."

तरी नाही केली सही. ती दर आठवड्याला यायची, मी दर आठवड्याला भांडायचो. मग निवडणूक लागली, नाव काढायची मुदत संपली, आणि मला भीती धरली. बाजारात तिच्या वयाची अनोळखी बाई दिसली की वाटायचं, हीच. हीच जाणार. मेहुणी मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. ती सगळ्या पक्षांच्या एजंटांकडे, म्हणजे मतदानाला आत बसून खुणा करतात त्या पोरांकडे, यादी घेऊन गेली. "ही माझी बहीण. वारली. कोणी आलं तर हरकत घ्यायची." एक जण म्हणाला, "मावशी, आमचीच बाई असली तर?"

"तर तुझ्या आईला सांगीन."

मतदानाला मेहुणीचा पहिला नंबर ठरलेला. तिच्यामागे मी. आत अधिकारी नाव मोठ्याने पुकारतो. माझं पुकारलं. त्याची फूटपट्टी माझ्या ओळीखाली होती, आणि पट्टीखाली ती. माझा पाय उचलेना.

"आजोबा, पुढे व्हा, शाई तिकडे."

"पट्टीखाली माझी बायको आहे."

"मग त्यांना लवकर पाठवा, दुपारी गर्दी होते."

"ती गेली. कोणी आली तर देऊ नका."

त्याने मान वर केली. पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. "नाही देणार. या तुम्ही."

शाळेच्या फाटकापासून लांब, रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी आहे. त्या दिवशी बंद होती. तिच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो ते उठलोच नाही. पोळीभाजी तिने बांधून आणली होती, ती तशीच राहिली. आत जाणारी प्रत्येक बाई मी बघत होतो. अकराच्या सुमाराला एक हिरव्या साडीतली आली, एकटी, बायकोसारखीच डाव्या पायावर झुकून चालणारी. मी ताडकन उठलो. मेहुणीने शर्ट धरून खाली बसवलं. "ती वरच्या चाळीतली. गुडघा बदललाय तिने." एकदा त्या एजंटांतला एक जण चहाला बाहेर आला, त्याने लांबूनच हात हलवला, नाही. तीनला परत, नाही. माझ्या छातीत लेथ चालू होती. सहाला फाटक लागलं. आतले लोक संपल्यावर तो पोरगा आमच्याकडे आला. "मावशी, नाही आली कोणी. ती ओळ कोरी आहे."

सुटलो म्हणायला पाहिजे होतं. पण झालं काय ते सरळ लिहितो. मला वाईट वाटलं. सकाळपासून मी फाटकाकडे बघत होतो ते चोर धरायला, असं मी समजत होतो.

काहीतरी करायचं म्हणून मेहुणीच्या मांडीवरची यादी ओढली. गेलेल्या माणसांपुढे तिची पेन्सिलीची फुली असते. खालच्या खोलीतले अण्णा, फुली. टोकाच्या घरातली म्हातारी, फुली. माझ्या नावाखाली काहीच नाही.

"काय गो? चाळीत मेलेल्या निम्म्या माणसांचे फॉर्म तूच भरलेस. हा पण भरता आला असता ना तुला?"

ती बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच होती, सोडून परत बांधली. "नवऱ्याची सही असलेली बरी."

"आणि फुली?"

"पेन्सिलीला टोक नव्हतं."

पिशवीला लटकत होती पेन्सिल, सुईसारखी.

निकाल लागल्यावर फॉर्म भरला. अख्ख्या टेकडीचे फॉर्म तिच्या अक्षरात, हा तेवढा माझ्या. ती कागद दाबून धरून बसली होती आणि ओरडत होती, "रेघेवर, भावोजी, रेघेवर!"

यंदाची यादी आली. नळाच्या वेळेला मेहुणी स्टुलावर चढली, आता चढताना भिंत धरते. वाचत आली. माझं नाव आलं, मी हजर म्हटलं. माझ्याखाली आता थेट शेजारच्या खोलीतलं नाव आहे. ते तिने लगेच वाचलं नाही. तांब्या मागितला आणि सावकाश पाणी प्यायली. एवढ्या यादीत तिला तेवढ्या एकाच जागी तहान लागली. आणि खाली नळावर, जिथे एका हंड्यासाठी डोकी फुटतात, तिथे कोणीतरी तेवढ्यापुरता नळ बंद केला.