कोणत्या कॅमेऱ्यात कोणता रोल

लग्न होऊन ती आली तेव्हा नवऱ्याचा फोटो स्टुडिओ चांगला चालायचा. दोन कॅमेरे होते, अगदी एकसारखे. एकात रंगीत रोल, दुसऱ्यात काळा-पांढरा. नवरा हमखास गोंधळ घालायचा, आणि मग गिऱ्हाइकांची बोलणी खायचा. तिने रोल भरायचं काम आपल्याकडे घेतलं. रोलच्या खोक्याचा तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवायची. गोंधळ थांबला.

एका रविवारी तिचे वडील आले. कवळी काढून ठेवली होती आणि कशावरून तरी खो-खो हसत होते. तिने काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यात त्यांचे सात-आठ फोटो घेतले. रोल अर्धा उरला म्हणून तसाच ठेवला.

पुढच्याच आठवड्यात एका बड्या बिल्डरच्या मुलीचं लग्न होतं. "हे चिटोरे लावून त्यांच्यापुढे उभा राहू? भिकारडं दिसतं," असं म्हणून नवऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. मग स्वतःलाच आठवेना. भर उन्हात, दुकानाच्या दारात, त्याने एकाचं मागचं झाकण उघडलं. आतल्या रोलवर ऊन पडलं आणि त्यावरचं सगळं पुसलं गेलं.

आतून आवाज ऐकून ती बाहेर आली.

"अहो, बाबा होते त्यात!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मी आतच होते. हाक मारायची होती."

"जाऊ दे गं. म्हातारे कुठे पळून चाललेत? परत काढू."

वडील परत यायच्या आत गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात सापडला तो जुन्या ओळखपत्रावरचा, तोंड घट्ट मिटलेला. नवऱ्याने तोच मोठा करून फ्रेम केला आणि खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव छापलं. भेटायला आलेले म्हणाले, "जावयाने किती मनापासून केलंय!" नवऱ्याने मान खाली घातली, विनयाने. ती आत जाऊन कपबशा विसळत बसली.

त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. कापडाच्या दुकानात नोकरी धरली. इकडे रोल पुन्हा उलटसुलट व्हायला लागले, वापरलेलाच रोल पुन्हा भरल्याने एका लग्नाचे फोटो दुसऱ्या लग्नाच्या फोटोंवर उमटले, आणि दोन वर्षांत स्टुडिओला कुलूप लागलं.

"बायकोने साथ सोडली, म्हणून बुडालो," असं तो अजूनही येईल त्याला सांगतो. ती समोर बसलेली असते. ऐकून घेते. त्यात खोटं असं काहीच नाही.