कालव्याच्या वाटेचे टायर

आनंदी कोसाडच्या वसाहतीत लहानाची मोठी झाली. तिचे वडील वाशिमकडून गिरणीच्या कामासाठी सुरतेला आले आणि इथलेच होऊन गेले. लग्नही तिचं याच वस्तीतल्या भिवाशी झालं. भिवाची स्वतःची पिकअप होती. कामरेजजवळच्या एका रोपवाटिकेतून उसाची रोपं भरायची आणि बारडोलीच्या बाजूला शेतांवर पोहोचवायची, हे त्याचं काम. पुढे मधुमेहानं त्याची नजर अधू केली आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. आता गाडी विकणार असं घरातल्या सगळ्यांनी धरलंच होतं. आनंदी मात्र म्हणाली, मला शिकवा. भिवानं शेजारी बसून तिला शिकवलं, तिनं परवाना काढला आणि रोपवाटिकेची तीच फेरी ती करू लागली. शेतकऱ्यांना सुरुवातीला नवल वाटलं, मग सवय झाली. आनंदीबेनच्या गाडीतून आलेली रोपं सहसा मोडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

दिवाळी झाली, कालव्याला पाणी सुटलं आणि ऊस लावायची घाई सुरू झाली. त्या दिवसांत नितीनभाईंच्या शेतावर रोपं न्यायची होती. शेताची वाट कालव्याच्या बांधावरून जाते. वर आभाळ कोरडं होतं, पण पाणी झिरपून बांधाची काळी माती लोण्यासारखी झाली होती. आनंदीला ते वरून कळलं नाही. मधेच गाडीचा मागचा भाग बाजूला सरकायला लागला. तिनं ब्रेक दाबला तशी गाडी आणखीच सरकली आणि मागचं एक चाक कालव्यावर लोंबकळत राहिलं. रोपांचे ट्रे घसरून पाण्यात पडले. आनंदी दुसऱ्या बाजूच्या दारातून कशीबशी उतरली आणि बांधावर बसून राहिली. नितीनभाईंनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. तिला खरचटलंही नव्हतं.

घरी तिनं काही सांगितलं नाही. भिवा रोज सकाळी गाडी पुसायचा. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी हातानं त्याला सगळं कळायचं. मागचा पत्रा वाकलाय, असं तो म्हणाला तेव्हा तिनं वळताना कुठंतरी घासल्याचं सांगितलं. त्यानं पुढं विचारलं नाही.

पण त्यानंतर मातीची वाट दिसली की आनंदी गाडी पुढं घालायची नाही. ती डांबरी रस्त्यावरच गाडी उभी करायची आणि मजुरांना ट्रे डोक्यावरून न्यायला सांगायची. बायका कुरकुर करत, पण नेत. शेवटी नितीनभाईंचा फोन आला. ते रागावले नाहीत. कालव्याकडचा मोठा तुकडा लावायचाय, रोपं शेतापर्यंत आली नाहीत तर दुसरी गाडी बघावी लागेल, एवढंच त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर आनंदीनं मागच्या चाकांवरून हात फिरवला. मग ती भिवाला म्हणाली, मागचे टायर झिजलेत, आज बदलून घेऊ, तुम्हीही चला.

अमरोलीच्या रस्त्यावर भाईदासचं टायरचं दुकान आहे. तो मूळचा धुळ्याकडचा. सुरतेत वर्षं काढल्यामुळे त्याची मराठी निम्मी गुजरातीत बुडालेली. भिवाची आणि त्याची जुनी ओळख. आनंदी दुकानात शिरली ती थेट कोपऱ्यात रचलेल्या टायरांकडे गेली. त्यांच्यावर मोठमोठे ठोकळे होते आणि मधल्या खाचा बोट बुडेल इतक्या खोल. मुलीनं, प्रज्ञानं, मोबाइलवर तिला असेच टायर दाखवले होते. चिखल उडवत डोंगर चढणाऱ्या जीपगाड्यांचे.

तिनं चारही चाकांना तेच बसवायला सांगितलं. भिवानं त्या ठोकळ्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. हे टायर हायवेवर घोंगावतात, लवकर झिजतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर गाडी पुढं सरकत जाते, असं तो म्हणाला. त्यानं ते वापरून पाहिले होते. नेहमीचे सरळ रेघांचेच घे, गाडी हलकी पळते, असं त्याचं मत होतं.

"कालव्यावरून तुम्ही जात नाही आता," आनंदी म्हणाली. "मी जाते."

भाईदास हातातलं काम तसंच ठेवून उभा राहिला. भिवानं टायरावरचा हात काढून तिच्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "तिथं काय झालं, ते मले सांग."

तेव्हा तिथंच, टायरांच्या ढिगाशेजारी उभी राहून, आनंदीनं सगळं सांगितलं. चाक कसं लोंबकळलं ते, पाण्यात वाहत गेलेले ट्रे, आणि त्यानंतर मातीत गाडी घालवत नाही हेही. तिचं बोलणं संपलं तसा भिवानं लांब श्वास सोडला.

"मले वाटलं, तुले गाडीचा कंटाळा आला," तो म्हणाला. "हल्ली गाडीचं नाव काढलं की तू गप्प बसायची. मी तर गाडीले गिऱ्हाईक पाहून राहिलो होतो."

आनंदी त्याच्याकडे बघतच राहिली. गाडी विकायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं तसं सांगितलं तेव्हा भिवा हसला, आणि तिलाही हसू आलं.

मग भाईदासनं आनंदीला विचारलं, तिची गाडी डांबरावर किती चालते आणि मातीत किती. तिनं आठवून सांगितलं. बहुतेक सगळी वाट हायवेची, शेवटचा तुकडा तेवढा मातीचा. भाईदासनं आतून तिसरीच जोडी आणली. तिच्या मधोमध सलग पट्टे होते आणि कडांना ठोकळे. डांबरावर मधले पट्टे चालतात, चाक मातीत रुतलं की कडेचे ठोकळे पकड घेतात, असं त्यानं दाखवलं. पुढचे टायर चांगले होते. गाडी वळवायला सरळ रेघाच बऱ्या, ते राहू द्या, असं तो म्हणाला. या गाडीला जोर मागच्या चाकांचा, म्हणून नवे मागं बसवायचे. जुने मागचे काढल्यावर त्यानं ते तिच्यासमोर धरले. हात फिरवला तर नक्षी जवळपास लागतच नव्हती.

"टायर कितीही चांगला असला तरी कडेची माती ढासळली तर तो काय करणार," भाईदास म्हणाला. "आनंदीबेन, वाटेच्या मधूनच चला."

ठोकळ्यांचे मोठे टायर कोपऱ्यातच राहिले. आनंदीनं भाईदासनं दाखवलेली जोडी मागं बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिवाही तिच्यासोबत निघाला. रोपं भरून ते बांधाशी पोहोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आनंदीनं गाडी थांबवली आणि उतरून वाट पायानं चाचपली. माती ओलीच होती. मागच्या वेळची रुतलेली खूण अजून दिसत होती. तिला वाटलं, इथंच ट्रे उतरवावेत. पण ती परत येऊन बसली, दुसरा गिअर टाकला आणि वाटेचा मध्य धरून गाडी हळूहळू पुढं घेतली.

त्या जागेजवळ मागचं चाक जागच्या जागी फिरलं. भिवा दाराची कडी धरून बसला होता. आनंदीनं ब्रेकला पाय लावला नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा दाब तेवढाच ठेवला. चाकानं माती चावल्यासारखी पकड घेतली आणि गाडी सरळ पुढं निघाली.

थोड्या वेळानं भिवानं विचारलं, "कुठं सरकली होती गाडी?"

"मागं राहिलं ते," आनंदी म्हणाली.

शेताच्या कडेला गाडी उभी करून तिनं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. अंग मात्र एकदम हलकं झालं होतं. मजूर बायका हसत आल्या. आज डोक्यावर ट्रे न्यायचे नाहीत म्हणून त्या खूश होत्या. नितीनभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकांकडे पाहिलं आणि उरलेली रोपं कधी आणशील असं विचारलं. उद्याच, असं ती म्हणाली.

परतताना हायवेवर टायरांचा बारीक गुणगुण आवाज येत होता, रेडिओ ऐकू येईल इतपतच. कडोदऱ्याजवळ पुढच्या ट्रकनं अचानक वेग कमी केला तेव्हा तिनं ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. भिवाला सांगावं म्हणून तिनं वळून पाहिलं, तर तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. कामरेज मागं पडलं तरी तिनं त्याला उठवलं नाही. कोसाडला घरासमोर गाडी उभी केल्यावर तो जागा झाला आणि पोहोचलो का, असं त्यानं विचारलं.

"केव्हाचे," आनंदी म्हणाली आणि दार उघडून त्याला हात द्यायला खाली उतरली.