भिवाजी ड्रायव्हरची सकाळची गोळी

दारू सोडवणारे कारंजा गावात कमी नव्हते. कोणी शपथ घालत, कोणी अंगारा देत, आणि भिवाजी ड्रायव्हर सगळ्यांना हात जोडून संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर हजर. विहारात पंचशील म्हणताना नेमका पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलालाच त्याला खोकला यायचा. शेवटी शहात्तर साली एसटीच्या साहेबांनी निक्षून सांगितलं, पुन्हा तोंडाला वास आला तर नोकरी गेली. तेव्हा त्याची बायको पंचफुला त्याला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं नाही. रोज सकाळी बायकोच्या हातून एक गोळी घ्यायची, आठवड्याला येऊन दाखवायचं, बाकी ड्युटी आणि घरसंसार चालू. "ही पोटात असताना दारू प्यालात तर जीव घाबरा होईल, मरायची पाळी येईल," एवढं मात्र त्यांनी बजावलं. पंचफुला गोळी द्यायची आणि ती घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची नाही.

दारू सुटली तसा भिवाजी वाळला. त्याची माय सोजरबाई हळहळली, "पोरगं सुकून राह्यलं वो!" आणि द्राक्षासवाची बाटली घेऊन आली. बाळंतिणीला देतात ते औषध, त्याला दारू कोण म्हणेल? जेवणानंतर दोन चमचे पंचफुलाच काढून द्यायची.

त्या दिवशी ती बहिणीकडे शेलूबाजारला निघाली होती, त्याच्याच गाडीनं, त्याच्याच पाठीमागच्या बाकावर. गाव सुटलं आणि नवऱ्याचे कान लाल झालेले तिला दिसले. मग मान. तो धापा टाकू लागला. समोरून बैलगाडी येत होती आणि एसटी सरळ तिच्या अंगावर निघाली. बायामाणसं किंचाळली. कसाबसा ब्रेक लागला, गाडी रस्त्याखाली उतरून थांबली. भिवाजी खाली उतरला तो ओकतच.

"पेऊन आला रे हा!" कोणीतरी ओरडलं. एक म्हातारा नातवाला उचलून तरातरा चालू लागला. कंडक्टर लखीराम भिवाजीच्या तोंडाशी वाकला आणि वास येताच त्यानं मान फिरवली. सकाळी गोळी तर पंचफुलानं स्वतः दिली होती. मग यानं केलं काय?

मिळेल त्या ट्रकनं तिघं कारंज्याला परतले. बातमी ऐकून सोजरबाईही दवाखान्यात धावत आली. भिवाजीला खाटेवर निजवून सुई दिल्यावर डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. आसवाचं नाव निघताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आसव आंबवूनच करतात! दारू असतेच त्यात. मी आधीच सांगायला हवं होतं."

लखीरामचा चेहरा उजळला. "मंग साह्यबाले तसंच सांगतो. औषधाचा घोटाळा झाला म्हून."

"पण दोन चमच्यांनी एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्याच वाटीभर देल्लं सकाळी," सोजरबाई पटकन बोलली. "पोरगं वाळलं म्हून देल्लं."

पंचफुलाला ठाऊक होतं, सकाळभर सासू नळावर होती. म्हातारी चक्क खोटं बोलत होती. पण या खोट्यावर नोकरी तगणार होती, पोरांची भाकर तगणार होती. आता कोणी काही बोलू नये, एवढंच पंचफुलाला वाटत होतं.

"माय खोटं बोलून राह्यली," खाटेवरून भिवाजी म्हणाला. "पह्यल्याच चमच्याले मले चव समजली होती. आज बाटलीच तोंडाले लावली म्या."

पंचफुलाला वाटलं, धावत जाऊन याचं तोंड दाबावं. आयुष्यभर थापा मारल्या आणि खरं बोलायला हीच वेळ सापडली! ती संतापली होती आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, कारण न पकडला जाता हा माणूस पहिल्यांदाच कबूल झाला होता. सोजरबाई पदर तोंडाला लावून खाली बसली.

लखीराम घुटमळला. "वयनी, मी काई आयकलं नाई. म्हातारी बोल्ली थेच सांगू का?"

पंचफुलानं पदरानं डोळे पुसले.

"नोको, भाऊ. हे बोल्ले थेच सांगा," ती म्हणाली. "गाडीत लेकरं होते. मीबी होती."